कोसळण्याचे पॉइंट

वैद्यकशास्त्र दररोज पुढे जात असतं असं म्हणतात. मुंबईच्या उपनगरांत ते फक्त रविवारी पुढे जातं, कारण बाकीचे दिवस डॉक्टर मंडळी दवाखान्यात अडकलेली असतात. रुग्ण हा वैद्यकीय शिक्षणातला सर्वांत मोठा अडथळा आहे, हे विधान मी पूर्ण जबाबदारीनं करतो. पूर्व उपनगर निरंतर वैद्यकीय शिक्षण मंडळाचा मी मानद सचिव आहे, आणि आमच्या मंडळानं हा अडथळा दूर करण्यासाठी जितके रविवार खर्ची घातले आहेत तितके दुसऱ्या कोणी घातले असतील असं वाटत नाही.

डॉक्टरनं एकदा पदवी भिंतीवर टांगली म्हणजे झालं, असा सामान्य माणसाचा समज असतो. तसं नाही. नोंदणीचं नूतनीकरण व्हायचं तर ठरावीक पॉइंट जमवावे लागतात, आणि पॉइंट परिषदांमध्ये बसून मिळतात. ‘बसून’ हा शब्द मी विचार करून वापरला आहे. झोपून मिळतात का, याविषयी नियम काही बोलत नाहीत. (अनुभव सांगतो, मिळतात.)

अशा या शिस्तबद्ध व्यवस्थेत डॉ. सुबोध तिरोडकर हे एक दुखणं होतं. मुलुंड पूर्वेला त्यांचा दवाखाना. सरळ साधा: एक टेबल, एक पडदा, आणि पडद्यामागे ते. सकाळी असत, संध्याकाळी असत, रविवारी सकाळीसुद्धा असत. पेशंट जिन्यात गाठून जीभ दाखवायचे, भाजीवाल्यापाशी उभं राहून रिपोर्ट वाचायला द्यायचे. हा माणूस ते वाचायचा. वर पोटाला हात लावून बघायचा. साठी उलटली तरी खोड गेली नव्हती. इतका वेळ पेशंटवर घालवणाऱ्या माणसाचे पॉइंट कुठून जमणार?

नूतनीकरणाची तारीख जवळ आली तेव्हा ते माझ्याकडे आले.

“सचिवसाहेब, माझी वाट लागली हो. पॉइंट कमी पडतायत. नोंदणी गेली तर दवाखाना बंद करावा लागेल.”

“पवईला आपली परिषद आहे. या.”

“पण रविवारी सकाळी माझे पेशंट असतात ना.”

“पेशंट काय, कुठेही मिळतात,” मी म्हणालो. “पॉइंट मिळतात का?”

त्यांना ते पटलं नाही, पण इलाज नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी दवाखान्याच्या दाराला पाटी लावली: ‘डॉक्टर परिषदेला गेले आहेत.’ असं म्हणतात की पाटी लावून झाल्यावरही ते बराच वेळ कुलूप हातात धरून उभे होते.

परिषद तळ्याकाठच्या हॉटेलात होती. विषय होता, ‘रुग्ण अचानक कोसळला तर: पहिल्या पाच मिनिटांचं महत्त्व.’ इतका निकडीचा विषय असल्यामुळे उद्घाटन सविस्तर ठेवलं होतं. समई एसीच्या वाऱ्यानं विझत होती. शेवटी एसी बंद करून ती पेटवली, मग पाहुणे घामाघूम झाले म्हणून एसी लावला, आणि समई विझली. मावळत्या अध्यक्षांचा सत्कार झाला, उगवत्या अध्यक्षांचा झाला, जे अध्यक्ष होता होता राहिले त्यांचाही झाला. (हा सत्कार सगळ्यात लांबला. जखमा ताज्या होत्या.) अशा रीतीनं पहिल्या पाच मिनिटांचं महत्त्व सांगायला आम्हांला दुपार झाली.

डॉ. तिरोडकरांना मधुमेह होता. सकाळी नेहमीची गोळी घेऊन ते घरातून निघाले होते. नाश्ता परिषदेत मिळेल असं मीच सांगितलं होतं. तो होताही, पण ते पोचेपर्यंत संपला होता, कारण औषध कंपन्यांची तरुण मुलं वेळेवर येतात. मग त्यांनी जेवणावर भिस्त ठेवली. जेवण हे आमच्याकडे पहिल्या सत्रानंतर असतं. आधी ठेवलं तर सत्राला कोण थांबेल, हा प्रश्न आम्ही फार पूर्वीच सोडवून ठेवला आहे.

त्यांच्या पत्नी रत्नप्रभाताईही आल्या होत्या. डॉक्टरांच्या सोबत येणाऱ्यांसाठी आम्ही वेगळा कार्यक्रम ठेवतो. यंदा शेजारच्या दालनात चॉकलेटं बनवायला शिकवत होते.

सत्र सुरू झालं. सूत्रं डॉ. चेतना शिरसाट यांच्याकडे होती. त्या हृदयविकारतज्ज्ञ आहेत, आणि नुसत्या भाषणापेक्षा प्रात्यक्षिक बरं अशा मताच्या आहेत. त्यांनी अंधेरीहून मिथुन नावाचा एक नट बोलावला होता. सीरियलींमध्ये तो मागच्या गर्दीत असायचा. आता त्यानं साठीचा गृहस्थ बनून श्रोत्यांमधून उठायचं, स्टेजसमोर यायचं आणि कोसळायचं, असं ठरलं होतं. चेतनाबाईंनी त्याला पाहिलेलं नव्हतं. सगळं फोनवर ठरलेलं. तो त्या क्षणी जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्यावर रिक्षात अडकून पडला होता, हे त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं.

“समजा,” चेतनाबाई माइकवर म्हणाल्या, “आपण एखाद्या सार्वजनिक ठिकाणी आहोत, आणि एक साठीचे गृहस्थ...”

याच वेळी डॉ. तिरोडकर खुर्चीतून उठले. हात थरथरत होते, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. बाहेर जाऊन काही खायला मिळतंय का पाहावं, एवढाच त्यांचा विचार होता. स्टेजसमोरून दाराकडे जाताना त्यांचे पाय लटपटले आणि ते तिथेच कोसळले.

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

इथे मला थोडी आकडेवारी देणं भाग आहे. त्या क्षणी सभागृहात दोनशेच्या वर डॉक्टर होते, आणि रुग्ण एक. इतकं सुदृढ प्रमाण जगातल्या कुठल्याही प्रगत देशाला साधलेलं नाही. रुग्णाच्या पाच फुटांच्या आत तीन हृदयविकारतज्ज्ञ, दोन मेंदूविकारतज्ज्ञ आणि भूल देणारे एक गृहस्थ होते. (यांना रुग्ण आधीच आडवा असल्यामुळे करण्यासारखं काही उरलं नव्हतं.) प्रत्येकानं त्या अभिनयाकडे आपापल्या शाखेच्या नजरेनं पाहिलं. मेंदूविकारवाल्यांना पडण्याची दिशा चुकीची वाटली. हृदयवाल्यांचं म्हणणं, घाम छान जमलाय, पण छातीला हात लावायला विसरला.

“तर आता आपण पहिली कोणती गोष्ट कराल?” चेतनाबाईंनी विचारलं. “कृपया मोबाइलवर उत्तर द्या.”

पडद्यावर पर्याय आले: नाडी पाहणे, रुग्णवाहिका बोलावणे, नातेवाइकांना बाहेर थांबवणे, वरीलपैकी सर्व. हॉटेलच्या वायफायचा पासवर्ड कुणालाच लागेना, तेव्हा तो पुन्हा पडद्यावर दाखवण्यात आला. एकसष्ट टक्के उपस्थितांनी ‘वरीलपैकी सर्व’ निवडलं. बत्तीस टक्क्यांनी नाडीला मत दिलं. नाडीपर्यंत प्रत्यक्ष कोणी गेलं नाही. पण मतदानात सहभागासाठी अर्धा पॉइंट असतो, नाडीला नसतो.

तेवढ्यात खालून क्षीण आवाज आला, “साखर... अरे, साखर द्या रे कुणीतरी.”

चेतनाबाई जरा नाराज झाल्या. “पेशंटनं कृपया उत्तर सांगू नये. आपलं डिस्कशन अजून सुरू व्हायचंय.”

मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, “स्क्रिप्ट लीक झालं यार.”

डॉ. तिरोडकरांनी नंतर मला सांगितलं की त्यांना सगळं ऐकू येत होतं, फक्त फार लांबून. आपण इतक्या डॉक्टरांमध्ये आहोत म्हणजे काळजीचं कारण नाही, असा एक विचार मनात आला, आणि त्या विचारानंच त्यांना पहिल्यांदा खरी भीती वाटली.

त्या वेळी रत्नप्रभाताई आत आल्या. आपण केलेलं चॉकलेट नवऱ्याला दाखवावं (खायला देण्याचा प्रश्नच नव्हता) म्हणून त्या आल्या होत्या. समोरचं दृश्य पाहून त्या धावल्याच.

“अहो! अहो, डोळे उघडा बघू! गोळी घेतल्यात नि पोटात काय घातल्यात नाय?” मग सगळ्यांकडे वळून, “आणि तुमका काय झाला? नुसते बघतास काय?”

पुढच्या रांगेतले एक ज्येष्ठ सर्जन हळूच म्हणाले, “मॅडम, तुम्ही जरा लवकर आलात. नातेवाईक दुसऱ्या भागात आहेत.”

“मी ह्यांची बायको!”

“हो हो, तेच. पण तुमची एंट्री नंतर आहे.”

ताईंनी त्यांच्याशी वाद घातला नाही. मुख्य पाहुण्यांसमोर ठेवलेलं लिंबू सरबत त्यांनी उचललं, नवऱ्याला टेकवून बसवलं आणि घोट घोट पाजलं. मग हातातलं चॉकलेट भरवलं. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. ते आधाराशिवाय ताठ बसले तेव्हा पुन्हा टाळ्या झाल्या. रिकव्हरी थोडी घाईत दाखवली, असा एक शेरा मात्र आला.

इथवर सगळं सुरळीत चाललं होतं. गडबड झाली ती पुढे.

दार धाडकन उघडलं आणि मिथुन आत आला. रिक्षा वाटेतल्या सिग्नलला सोडून तो धावत आला होता. केसांना पांढरी पावडर, अंगावर झब्बा, धाप लागलेली. उशीर झाल्यामुळे त्यानं कोणाला काही विचारलं नाही. सरळ स्टेजसमोर गेला, छातीला हात लावला, एक आवंढा गिळला आणि अप्रतिम कोसळला.

आता प्रात्यक्षिक तर होऊन गेलं होतं. याचा अर्थ हा माणूस खराच कोसळला होता! अख्खं सभागृह उठलं. माणुसकीचं असं दर्शन मी दुसऱ्या कुठल्याच परिषदेत पाहिलेलं नाही. तिघांनी त्याच्या तीन नाड्या धरल्या. कोणी झब्बा फाडला, कोणी पाय वर केले, कोणी तेच पाय खाली केले. प्रदर्शनात मांडलेलं ईसीजीचं नवं यंत्र कंपनीच्या माणसानं आनंदानं आणून दिलं. (असं यंत्र त्याच दिवशी तीन डॉक्टरांनी विकत घेतलं.) एकानं कपाळावरून हात फिरवला तेव्हा हाताला पांढरं लागलं, आणि त्वचारोगवाले पुढे सरसावले.

“सर, मी अॅक्टर आहे,” मिथुन म्हणाला.

“पेशंट भ्रमात आहे,” चेतनाबाईंनी जाहीर केलं. “स्वतःला अॅक्टर समजतोय.”

“आयशप्पथ सर! मालिकेत असतो मी.”

“कोणत्या?”

त्यानं नाव सांगितलं. ती मालिका तिथे सगळे बघत होते आणि त्याला कोणीच पाहिलेलं नव्हतं. निदान पक्कं झालं.

डॉ. तिरोडकर अजून थोडे डळमळत होते, तरी उठले. गर्दीतून वाट काढत म्हणाले, “अहो, त्याला काही झालेलं नाही. पोरगं धावत आलंय, दम खाऊ द्या त्याला.”

“काका, तुमचं काम झालंय,” कोणीतरी त्यांना आदरानं बाजूला केलं. “चहा घ्या तुम्ही.”

मिथुनला रुग्णवाहिकेतून एका मोठ्या इस्पितळात नेण्यात आलं. तिथे त्याच्या सर्व तपासण्या झाल्या आणि एकीतही काही निघालं नाही. काहीच निघत नाही ही गोष्ट डॉक्टरांना फार संशयास्पद वाटली, म्हणून त्याला आयसीयूत ठेवलं. तिथून त्यानं मालिकेच्या दिग्दर्शकाला फोन केला की भाई, मी आयसीयूत आहे, शूटिंग नाही, खरंखरं. दिग्दर्शकानं त्याला सांगितलं की बहाणे नकोत, आणि त्याच्या जागी गर्दीत दुसरा माणूस घेतला. पुढे चेतनाबाईंनी या केसवर घाटकोपरच्या परिषदेत निबंध वाचला. त्याला पारितोषिक मिळालं. ‘इस्पितळ सोडताना रुग्णाची प्रकृती उत्तम होती’ असं त्यात शेवटी म्हटलं आहे, आणि ते शब्दशः खरं आहे, कारण इस्पितळात येतानाही ती उत्तमच होती.

इकडे डॉ. तिरोडकरांपुढे निराळाच पेच उभा राहिला. त्यांना पॉइंट मिळेनात. आमच्याकडे हजेरी सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशी तीनदा मोबाइलवर लावावी लागते. मधली हजेरी झाली तेव्हा ते जमिनीवर होते. हजेरी तपासणाऱ्या निरीक्षकांनी स्पष्ट मत दिलं की देह सभागृहात असला तरी शिक्षण घेण्याच्या स्थितीत नव्हता. (हा निकष सर्वांना लावला तर काय होईल, असा प्रश्न मी त्यांना विचारला नाही. संस्था चालवायच्या असतात.)

ते माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. “म्हणजे पडलो तो पडलो, वर पॉइंटही गेले?”

मी नियमावली उलटीपालटी करून पाहिली आणि मार्ग सापडला. श्रोत्याला जेवढे पॉइंट मिळतात त्याच्या दुप्पट वक्त्याला आणि प्रात्यक्षिक करणाऱ्याला मिळतात. डॉ. तिरोडकरांचं प्रात्यक्षिक तर दोनशे डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

“पण मी खरंच पडलो होतो हो!”

“असं कुठे बोलू नका,” मी म्हणालो. “खऱ्या पडण्याला पॉइंट नाहीत.”

ते घरी गेले. हे दुप्पट पॉइंट घ्यावेत की घेऊ नयेत यावर त्यांचा जीव खालीवर होत होता. आयुष्यात खोटं सर्टिफिकेट त्यांनी कोणाला दिलेलं नव्हतं; शाळा बुडवलेल्या पोरांनासुद्धा नाही. शेवटी रत्नप्रभाताईंनी विषय संपवला. “पडल्यात तर खरे ना? मगे लाज कसली? त्या बाकीच्यांनी काय केल्यानी ते बघलंय मी.”

त्यांनी पॉइंट घेतले. नोंदणी वाचली. इथे ही गोष्ट संपायची, पण गुण लपत नाहीत. पवईच्या त्या प्रात्यक्षिकाचा व्हिडिओ डॉक्टरांच्या ग्रुपवर फिरला. बोरिवलीच्या परिषदेतून फोन आला: तुमच्यासारखा घाम दुसऱ्या कोणाला येत नाही, आमच्याकडे पडाल का? मग अंधेरीहून, मग ठाण्याहून. प्रत्येक ठिकाणी दुप्पट पॉइंट. सुरुवातीला ते नाही म्हणाले. मग एकदा गेले. मग गोडी लागली. इतकी वर्षं त्यांनी लोकांकडे पाहिलं होतं. आता सभागृहभर तज्ज्ञ त्यांच्याकडे पाहत होते. ते फिट येऊन पडू लागले, उष्माघातानं पडू लागले, एकदा तर सर्पदंशानं पडले. (मागणी होती, फक्त साप मिळाला नाही.) ताईंची अट एकच: आधी खायचं, मग पडायचं.

रविवारी पडणं आणि इतर दिवशी त्याच्या तालमी, यांत मुलुंडचा दवाखाना आता आठवड्यातून दोनच संध्याकाळी उघडू लागला. बाकीच्या दिवशी ती पाटी. मला वाटलं, पेशंट तुटणार. डॉ. तिरोडकरांनाही तेच वाटलं. रात्री झोप लागेनाशी झाली, म्हणाले.

पण झालं भलतंच. लोक पाटीपुढे थांबून ती वाचू लागले. ‘आपले डॉक्टर सारखे परिषदेला असतात’ ही बातमी कॉलनीभर झाली. ते जिन्यात भेटायचे तेव्हा ज्यांना ते साध्या खोकल्यापुरतेच चालायचे, ती माणसं आता नंबर लावू लागली. तीन तीन आठवड्यांची वेटिंग झाली. एक बाई शेजारणीला मोठ्या रुबाबात सांगत होती, “आमचे डॉक्टर ना, भेटतच नाहीत.”

कुंडलिक खरात हे पालिकेच्या उद्यान खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांचं ब्लडप्रेशर वर्षानुवर्षं चढलेलं. गोळी रोज घ्या, मीठ कमी करा, हे डॉ. तिरोडकरांनी त्यांना दवाखान्यात, बागेत, रेशनच्या रांगेत सांगितलं होतं. खरात हसून म्हणायचे, “घेतो ना डॉक्टर,” आणि लोणच्याची बरणी पुढे ओढायचे. आता तेही नंबर लावून, तीन आठवडे थांबून आले. डॉ. तिरोडकरांनी प्रेशर पाहिलं, पोटाला हात लावला आणि म्हणाले, “गोळी रोज घ्या. मीठ कमी करा.”

खरातांनी ते कागदावर लिहून घेतलं. घरी जाऊन सुनेला म्हणाले, “मोठे डॉक्टर आहेत. दोन वाक्यांत सांगितलं बघ.” तेव्हापासून त्यांनी एक गोळी चुकवलेली नाही. प्रेशर उतरलं. लोणचं शेजारी गेलं.

खरातांचं उतरलेलं प्रेशर मोजलं त्या संध्याकाळी डॉ. तिरोडकर घरी आले ते पायातले बूट न काढता तसेच बसून राहिले.

“तेच सांगितलं गं मी,” ते ताईंना म्हणाले. “शब्दन् शब्द तोच. इतकी वर्षं तेच सांगतोय.”

“तेव्हा तुम्ही होतात ना समोर,” ताई ताट वाढता वाढता म्हणाल्या. “समोरच्याचा कोण ऐकता? जेवून घ्या, उद्या भांडुपला पडूचा हा.”

ते हसले की काय झालं ते ताईंना नीट कळलं नाही. जेवले मात्र पोटभर.

मंडळातर्फे मी या अनुभवाचा अहवाल तयार केला आहे. त्याचा निष्कर्ष असा की, डॉक्टर जितका दवाखान्याबाहेर राहील तितकं जनतेचं आरोग्य सुधारतं. काही वाचकांना ही थट्टा वाटेल. त्यांनी एक करून पाहावं. तुमच्याही इमारतीखाली, वाण्याच्या आणि झेरॉक्सच्या मधे, एक डॉक्टर असेल. आज संध्याकाळी तो मोकळाच बसलेला असणार. पंखा चालू, दार उघडं. आत जा, तो तुम्हांला तपासेल, पुष्कळ वेळ देईल, आणि कदाचित अगदी बरोबर तेच सांगेल.

पण तुम्ही जाणार नाही. जो मोकळा बसलाय, त्याला काय येत असणार?